टाकीवरचा जांभळा दिवा

"झाडं जगवायची असतील तर पांढरी ट्यूब घ्या ताई, आणि नुसते मासेच दाखवायचे असतील तर गुलाबी," दुकानदार म्हणाला. "दोन्ही पाहिजे असलं तर मग हे." त्यानं वरच्या फळीवरून एक लांबलचक खोकं काढून काउंटरवर ठेवलं. त्यात ट्यूब होती आणि ती टाकीवर बसवायचं झाकणही होतं.

खोक्यावरची किंमत सुमनआत्यानं माझ्या आधी वाचली. "अगं बया! एवढ्यात तर अख्खं तळं येईल की माशांसकट."

"आत्या, जरा हळू."

"हळू कशाला? त्याला ऐकू जावं म्हणूनच बोलतेय." ती दुकानदाराकडे वळली. "नुसती ट्यूब द्या. झाकण नको. झाकणाला काय सोन्याचा पत्रा लावलाय?"

"झाकणाशिवाय ट्यूब पाण्यात पडली तर करंट बसंल मावशी. मासे मरतील."

"मासेच ना? मग एवढं काय!"

मी तिला दंडाला धरून दुकानाबाहेर काढलं. कराडच्या बाजारपेठेत भर दुपारी आम्ही दोघी उन्हात उभ्या राहिलो. दसरा नुकताच झाला होता, ऑक्टोबरचं ऊन भाजून काढत होतं, आणि रविवारी मला बघायला सांगलीहून पाहुणे येणार होते. ते स्थळ आत्यानंच आणलं होतं.

मासे माझे होते. मी गॅस एजन्सीत हिशेब लिहायची. एजन्सीचे मालक नव्या घरात राहायला गेले तेव्हा त्यांनी त्यांची तीन फुटी टाकी मला देऊन टाकली होती. आमच्या बाहेरच्या खोलीला एकच खिडकी, तीही शेजारच्या भिंतीत तोंड खुपसून बसलेली. त्या अंधारात माझे मासे कुणाला दिसायचेच नाहीत. आत्याचं म्हणणं, टाकीवर दिवा पाहिजे, म्हणजे घर हौशी दिसतं. माझं कारण वेगळं होतं. आलेल्या माणसांनी आधी माशांकडे बघावं, निदान दोन मिनिटं तरी, असं मला वाटत होतं. त्याआधी तीन जण मला बघून गेले होते. कसं बघतात ते ज्यांना बघितलंय त्यांनाच कळतं.

आणि खरं सांगू का, बघण्यापेक्षा वाईट असायचं ते नंतरचं. उत्तर मुलाकडून यायचं, अशी रीत. मुलीच्या घरानं फोनकडे बघत बसायचं. एकाला माझी उंची कमी वाटली, दुसऱ्याला नोकरी खटकली, तिसऱ्यानं कळवलंच नाही. महिनाभर आमच्या घरात फोन वाजला की आई पदराला हात पुसत धावायची. मला त्याचं काही वाटत नाही, असं मी सगळ्यांना सांगायची. खोटं. फार वाटायचं.

"चल, विलासच्या दुकानात बघू," आत्या म्हणाली. "त्याच्याकडं गणपतीच्या आराशीतलं उरलेलं असतं. मातीमोलानं देतो."

विलासचं विजेच्या सामानाचं दुकान होतं. त्यानं माळा दाखवल्या, फिरणारं चक्र दाखवलं, आणि मग एका खोक्यातून काळपट जांभळ्या काचेचा दिवा काढला. "हा बघा. देखाव्यात लावतात. अंधारात पांढरं सगळं नुसतं पेटतं. चंद्र काय, हिमालय काय, शंकराच्या अंगाचं भस्म काय!" त्यानं शटर अर्धं खाली ओढून दिवा लावला. दिवा स्वतः जेमतेम उजळला, पण काउंटरवरचा पावतीचा कागद निळा-पांढरा झगमगला. विलासच्या बनियनलाही एकदम तेज आलं.

"माशांना चालंल का?" मी विचारलं.

"माशांना काय कळतंय! खाली रंगीत खडे आहेत ना तुमच्या टाकीत? ते कसले दिसतील बघा."

आत्यानं भाव केला. विलास पहिल्या फटक्यातच कबूल झाला, म्हणजे आणखी पाडता आला असता, हे तिनं घरी येईपर्यंत दहा वेळा ऐकवलं. दिवा अप्पांनी बसवला. अप्पा माझे वडील, त्यांचं कपडे शिवायचं दुकान. उन्हाळ्यात भारनियमनात हवेची मोटर बंद पडून माझे चार मासे गेले होते, तेव्हापासून त्यांनी दुकानातला जुना छोटा इन्व्हर्टर टाकीच्या बोर्डाला जोडून दिला होता. तो बिचारा दुसरं काही ओढू शकायचा नाही. त्याच बोर्डावर त्यांनी हा दिवा लावला. खालचे हिरवे-केशरी खडे निखाऱ्यासारखे दिसायला लागले.

"झक्कास!" अप्पा म्हणाले. "आता वैजूला कोण बघतंय!"

"अप्पा!"

"गंमत केली गं. नाकाच्या शेंड्यावर राग, दुसरीकडं बसायला त्याला जागाच नाही."

पाहुण्यांना चारला बोलावलं होतं. संध्याकाळी सहाला लाइट जायची, त्याच्या आत सगळं उरकावं म्हणून. पण त्यांची जीप वाटेत पंक्चर झाली आणि ते उतरले तेव्हा साडेपाच होत आलेले. मुलगा, त्याची आई आणि काका, एवढेच आले होते. वडील नव्हते. मुलाचं नाव श्रीधर पतंगे. सांगलीला दूध संघाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आईचं नाव शालनकाकू. बोलायला कमी, पण घरात पाऊल टाकताच त्यांनी आईला विचारलं, "ताई, आधी जरा पाणी द्या, मग तुमचं ते पोह्याचं बघू." मला ते आवडलं.

"घरी अजून कोण असतं?" आईनं विचारलं.

"थोरली मुलगी असते माझ्याजवळ," शालनकाकू म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

काका मात्र सगळ्या काकांसारखे होते. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "स्वयंपाक येतो का?"

"येतो. चांगला होतो का, ते आईला विचारा."

आईनं डोळे वटारले. श्रीधर मान खाली घालून हसला. मग काकाच म्हणाले, "बरं, पोरांना बोलू द्या थोडं." आमच्याकडे बोलायला दुसरी खोली नव्हती. म्हणून मोठी माणसं या टोकाला सतरंजीवर राहिली आणि आम्हा दोघांना त्या टोकाला, टाकीजवळ, दोन स्टुलं मिळाली.

तो आधी टाकीकडेच बघत बसला. माझी इच्छा पुरी झाली म्हणायची.

"हा दिवा टाकीसाठीचा नाहीये," तो म्हणाला.

"माहितीये. गणपतीच्या आराशीतला आहे."

"मग झाडं मरतील."

"मेली तर मेली. बजेट संपलं."

"किती होतं बजेट?"

"तुमच्या पोह्यांतून उरलं तेवढं."

तो मोठ्यानं हसला. सतरंजीवरची पाचही डोकी आमच्याकडे वळली. त्यानं आवाज खाली आणला. "साधी पांढरी ट्यूब चालली असती की. घरातली जुनी ट्यूबची पट्टी घ्यायची, थर्मोकोलच्या झाकणाला आतून चांदीचा कागद चिकटवायचा, आणि पट्टी वरून घट्ट बांधायची. पाण्यात पडत नाही. दिवसाला आठ तास लावायची, जास्त नाही. जास्त लावली की शेवाळ धरतं. मी कॉलेजात असताना तेच केलं होतं. फुकटात काम."

"हे आधी सांगायला काय झालं होतं?"

"आधी भेटलो कुठं?"

मी टाकीकडे बघायला लागले.

"दिवाळी झाली की येतो मी," तो म्हणाला. "पट्टी बांधून देतो. तोवर हा दिवा दिवसा नका लावू."

"दिवाळीनंतर? कोण म्हणून येणार?"

"ते आता घरी गेल्यावर ठरवतात ना मोठी माणसं," तो म्हणाला आणि परत हसला. हसताना त्याचा एक डोळा जास्त बारीक व्हायचा. मला तो आवडला. सरळ सांगते, पहिल्या दहा मिनिटांत आवडला, आणि जन्मात पहिल्यांदा मी मनात म्हटलं, देवा, हे जमू दे.

तेवढ्यात लाइट गेली.

आई स्वयंपाकघराकडे पळाली मेणबत्ती आणायला. खोली मिट्ट झाली, आणि टाकीवरचा जांभळा दिवा इन्व्हर्टरवर तसाच राहिला. इतका वेळ तो काहीच वाटत नव्हता. आता त्याचा अंमल सुरू झाला. सतरंजीवरून अप्पांची टोपी एकटीच तरंगायला लागली, नीळ घातलेली, इस्त्रीची. आत्याच्या साडीचे काठ पेटले. काका "अरेच्चा!" म्हणून हसले, आणि त्यांच्या तोंडात समोरचे दोन दातच नव्हते. बाकीचे दात चमकत होते आणि त्या दोन ठिकाणी काळीकुट्ट खिंड.

"काका, तुमचे दात!" श्रीधर म्हणाला.

"काय झालं दातांना?"

"दोन गायब झाले."

"कवळीचे आहेत रे ते, गाढवा! चारचौघांत सांगायचं असतं का?"

सगळे खो-खो हसायला लागले. शालनकाकू पदर तोंडाला लावून हसत होत्या. आत्या तर आडवी झाली. मीही हसले, अगदी मनापासून, आणि हसता हसता श्रीधरकडे बघितलं.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. आणि त्याचं हसू गेलं होतं.

मी टाकीच्या काचेत पाहिलं. काचेत मी होते, काळी सावली. फक्त ओठाखाली एक ठिपका आणि डाव्या डोळ्याच्या कडेला चंद्रकोरीसारखी एक रेघ, दोन्ही त्या विलासच्या कागदासारखी निळी-पांढरी चमकत होती. पावडर लागली असेल म्हणून मी पदरानं ओठाखाली पुसलं. चमक तशीच राहिली.

श्रीधर उठला, बोर्डाकडे हात केला, आणि त्यानं दिवा बंद केला.

"अहो, का बंद केलंत? मजा येत होती की," अंधारातून आत्या म्हणाली.

"माशांना त्रास होतो," तो म्हणाला.

मग आई मेणबत्ती घेऊन आली. चहा झाला. तो माझ्याशी पुन्हा एक शब्द बोलला नाही. मेणबत्तीच्या उजेडात त्याच्याकडे बघायची मला हिंमत झाली नाही. निघताना चपला घालता घालता तो थांबला, मला म्हणाला, "एक विचारायचं होतं... नको, नंतर बोलू." आणि जीपमध्ये जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवा काढला आणि न्हाणीघरात नेला. दार लावलं, आरसा समोर धरला. ओठाखाली, डोळ्याजवळ, आणि उजव्या हाताच्या दोन बोटांच्या पेरांवर. उजेडात बघितलं तर ओठाखाली जरासा फिका डाग, पूर्वीचाच. आई म्हणायची, पोटात जंत झालेत, गूळ कमी खा. तीन महिने मी जंतांचं औषध घेत होते.

एजन्सीतून रजा काढून मी एकटीच कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी अंधाऱ्या खोलीत माझ्या तोंडावर दिवा धरला. तोच रंग.

"कोड आहे," ते म्हणाले. "आत्ता कुठं सुरू होतंय. औषध देतो. कुणाचं थांबतं, कुणाचं पसरतं. दुसऱ्याला त्याची लागण होत नाही, एवढं मात्र घरात सगळ्यांना सांगा."

घरी आल्यावर मी अप्पांना गाठलं. ते मशिनवर बसले होते.

"अप्पा, सांगलीला फोन करा आणि नको म्हणून सांगा."

"अगं, त्यांचं उत्तर यायचंय अजून."

"म्हणूनच. त्यांचं यायच्या आत."

"मुलीकडून आधी नकार जात नाही वैजू. आपल्यात तशी रीत नाही."

"रीत गेली खड्ड्यात. तीनदा बसले मी फोनकडे बघत. चौथ्यांदा नाही बसणार, तेही असल्या कारणासाठी." आणि मी त्यांना सगळं सांगितलं. डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं. आई दारात उभी राहून ऐकत होती.

अप्पांनी बराच वेळ कापडावरून हात फिरवला. "पण पोराला काही माहिती नाही ना अजून..."

"त्यानं बघितलं अप्पा! माझ्यासमोर बघितलं. बघितलं आणि दिवा बंद केला. बघवेना त्याला, आणखी काय!"

"तसंच असेल असं नाही गं."

"तुम्ही त्याचं तोंड बघितलं नाहीत. मी बघितलं."

आत्या संध्याकाळी आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. आधी विलासला शिव्या दिल्या, मग दिव्याला, मग स्वतःला. पण फोनच्या गोष्टीवर तीसुद्धा म्हणाली, "थांब गं चार दिवस. हातचं स्थळ असं सोडतात का? त्यांना काय बोलायचंय ते बोलू दे."

"आत्या, त्यांनी 'मुलीच्या अंगावर कोड आहे' असं तुला फोनवर सांगितलेलं चालेल? आणि मग सगळ्या समाजाला? मीच नको म्हटलं तर निदान कुणी काही बोलणार नाही."

ती उठून आत आईजवळ जाऊन बसली. मला तेव्हा वाटलं, मी जिंकले.

अप्पांनी फोन लावला. नंबर फिरवताना त्यांचं बोट दोनदा चुकलं. "कारण काय सांगू?" त्यांनी रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं.

"काहीही सांगा. मुलीच्या मनात नाही म्हणा."

"हॅलो... हो, खटावकर बोलतोय कराडहून. नमस्कार... नाही, त्याचं असं आहे काकू, आमच्या मुलीच्या मनात नाही." पलीकडून काकू काहीतरी विचारत होत्या. मग अप्पा म्हणाले, "हो. हो. नाही, काही राग नाही. माफ करा," आणि फोन ठेवून ते बाहेर अंगणात जाऊन उभे राहिले.

तीन-चार दिवसांनी एजन्सीत फोन वाजला. आमची शोभा उचलायची. तिनं माउथपीसवर हात ठेवला. "वैजे, सांगलीहून कुणी श्रीधर म्हणून आहेत. तुझ्याशीच बोलायचंय म्हणतात."

मी खुर्चीतून उठले. पण मला वाटलं, आता हा समजूत घालणार. 'तुम्ही नाही म्हणालात ते बरंच झालं, तब्येतीची काळजी घ्या,' असं काहीतरी गोड गोड. दयेचा मला तिटकारा होता. आजही आहे.

"सांग, आज आली नाही."

"अगं, तू इथंच..."

"शोभा! आली नाही म्हणून सांग."

शोभानं तसं सांगितलं. तो पुन्हा फोन करेल, असं मला वाटलं होतं. आठवडाभर मी त्या फोनच्या टेबलाजवळच काम काढून बसत होते. म्हणजे शेवटी मी फोनकडे बघत बसलेच. त्यानं केला नाही.

टाकीतली झाडं दिवाळीच्या आतच पिवळी पडून गेली. मी मासे शेजाऱ्यांच्या मुलीला देऊन टाकले.

त्यानंतर स्थळं आली नाहीत असं नाही. पण कोड पसरत गेलं, आधी हातावर, मग मानेवर, आणि मग मी स्वतःच नको म्हणायला लागले. औषधं बरीच केली. ऊन घेतलं, लेप लावले, पथ्यं पाळली. एका वर्षी वाटलं थांबलं, पुढच्या वर्षी कोपरापर्यंत गेलं. आई गेली. एजन्सीत मी आता मोठ्या टेबलावर बसते. माझं काही वाईट चाललेलं नाही. लोक टक लावून बघतात, मी उलटं त्यांच्याकडे टक लावून बघते, मग ते नजर वळवतात. एवढं मला जमतं.

मागच्या वैशाखात समाजातलं एक लग्न होतं इस्लामपूरला. पंगत बसली. माझ्या शेजारचा पाट नेहमी शेवटी भरतो, त्याची मला सवय आहे. त्या दिवशी एक म्हातारी बाई काठी टेकत आली आणि सरळ माझ्या शेजारी बसली.

"तू खटावकरांची वैजू ना गं?"

मी ओळखलं. केस पांढरे झाले होते, पण आवाज तोच. शालनकाकू. मी नमस्कार केला. त्यांनी माझा हात हातात घेतला. लोक माझा हात हातात घेत नाहीत.

"औषध केलंस का?"

"केलं. दमले, मग सोडलं."

"आमच्या थोरलीचंही असंच. तिचं तर तोंडापासून सुरू झालं. डॉक्टर अंधाऱ्या खोलीत निळा दिवा मारायचे, मी आणि श्रीधर शेजारी उभे असायचो." त्या माझ्या बोटांवरून त्यांचा अंगठा फिरवत होत्या. "चार वेळा मोडलं तिचं लग्न. एकदा तर साखरपुड्यात, भरल्या मांडवात, एका बाईनं तिचा हात वर करून सगळ्यांना दाखवला. त्या दिवसापासनं ती बाहेर आली नाही कधी."

माझ्या पानात वाढपी मीठ वाढून गेला.

"म्हणून तर त्यानं तो दिवा बंद केला गं पटकन," त्या म्हणाल्या. "जीपमध्ये बसल्या बसल्या मला म्हणाला, आई, त्या मुलीला ताईसारखं होतंय, आणि घरात कुणाला माहिती नाही. सगळ्यांनी असं हसता हसता बघितलं असतं तर? काका म्हणाले, मग आपल्याला विचार करायला पाहिजे. तर श्रीधर म्हणाला, माझा विचार झालाय. तुम्ही तारीख काढा."

पंगतीत श्लोक सुरू झाला होता. मला कुठूनतरी लांबून ऐकू येत होता.

"रविवारी परत येणार होतो आम्ही. लग्नाचं आणि डॉक्टरचं एकदमच बोलायचं होतं, आणि ते काय फोनवर सांगायचं? तेवढ्यात तुझ्या वडलांचाच फोन." त्या थांबल्या. "त्याला वाटलं, त्याचंच काहीतरी चुकलं. तुझ्या ऑफिसात फोन पण केला त्यानं एकदा. तू नव्हतीस."

"आता कसे आहेत ते?" मला एवढंच विचारता आलं.

"बरा आहे. दोन मुलं आहेत. बायको चांगली आहे." आणि मग त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं, अगदी जवळून, म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही तेव्हा ती बघतात तसं. "आता इतकी वर्षं झाली, आता सांगायला काय? तुझ्या मनात खरंच नव्हतं का गं?"

"होतं," मी म्हणाले.

वाढप्यानं त्यांच्या पानात जिलेबी टाकली, ती त्यांनी बाजूला सरकवली. "मग एकदा विचारायचंस त्याला," त्या शेवटी म्हणाल्या. "नुसतं विचारायचंस."

मी जेवले नाही. मुलीच्या आईच्या हातात आहेर दिला आणि मिळेल ती एसटी धरून घरी आले.

अप्पा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. त्यांना आता फारसं ऐकू येत नाही, लग्नकार्याला जाता येत नाही, पण कोण कोण भेटलं, ते सगळं त्यांना नावानिशी लागतं. मी नावं सांगितली. एक सोडून सगळी सांगितली.

"सांगलीचं कुणी आलं होतं का गं?"

"नाही अप्पा."

त्यांनी मान हलवली. मग दर लग्नानंतर जे म्हणतात तेच म्हणाले. गेली सगळी वर्षं ते हेच म्हणत आलेत, आणि त्यावरच त्यांना झोप लागते.

"बरं झालं तेव्हा आपणच आधी फोन केला. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर तुला सोसलं नसतं. केलं ते बरोबरच केलं ना गं वैजू आपण?"

मी त्यांच्या कानाशी वाकले, त्यांना नीट ऐकू जावं म्हणून.

"हो अप्पा," मी म्हटलं. "बरोबरच केलं."